भोंगा झाल्यानंतरची गिटार

रेकॉर्ड जमवणाऱ्या माणसाच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी हात धुण्याचा आग्रह होतो. तबकडी कडेनेच धरायची, खोबणीला बोट लागू द्यायचे नाही, सुई अलगद टेकवायची आणि बाजू संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असे हे सोवळे असते. बाजू संपली की मात्र बोलण्याला खळ नसतो. मी गेली तीस-पस्तीस वर्षे अशा घरांतून वावरतो आहे आणि माझे एक निरीक्षण आहे. कलावंताच्या गाजलेल्या रेकॉर्डवरून ही मंडळी सहसा भांडत नाहीत. ती चांगली आहे हे जगानेच ठरवून टाकलेले असते. खरी जुंपते ती त्याच्या न गाजलेल्या, मागे पडलेल्या, कुणाच्या तरी कपाटात राहून गेलेल्या ध्वनिमुद्रणांवरून. जे गाजले ते सर्वांचे. जे गाजले नाही ते मात्र माझे, असा एक छुपा मालकी हक्क प्रत्येक संग्राहकाच्या मनात असतो.

असे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू राहावे असा एक वादक म्हणजे अमेरिकेतला जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी. जॅझशी ज्यांचा फारसा संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, या संगीतात एखादी ठरलेली धून घेऊन तिच्यावर वादक त्या क्षणी सुचेल तशी रचना करत जातो. बंदिश तीच, पण विस्तार रोजचा वेगळा, हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. वेसची गिटार ऐकायला कसलीही पूर्वतयारी लागत नाही. घरातल्या कुणालाही ती पहिल्या दोन मिनिटांत आवडते. वाद आहे तो नेमका या आवडण्याचाच.

अंगठ्याने वाजवणारा माणूस

वेसचा जन्म 6 मार्च 1923 रोजी इंडियानापोलिस शहरात झाला. मूळ नाव जॉन लेस्ली. त्या लेस्लीचे घरात वेस झाले. थोरला भाऊ मंक बास वाजवायचा, धाकटा बडी पियानो आणि व्हायब्रोफोन. वेसने सहा तारांची गिटार गांभीर्याने हातात घेतली ती विशीच्या सुमाराला, लग्न झाल्यावर. निमित्त झाले चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाच्या रेकॉर्डचे. त्या रेकॉर्डवरचे सोलो त्याने सुरासूर पाठ केले. गुरू नाही, शाळा नाही. स्वरलेखन त्याला शेवटपर्यंत वाचता येत नव्हते. रेकॉर्ड हाच त्याचा गुरू. तेव्हा त्याच्या रेकॉर्डवरून लोकांनी भांडावे, हे एका अर्थी रीतीला धरूनच झाले.

गिटार वाजवताना बहुतेक वादक प्लास्टिकचा एक छोटा तुकडा वापरतात. आपल्या सतारियांची नखी असते तसाच हा प्रकार. वेसने तो टाकून दिला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडायला सुरुवात केली. कारण अगदी घरगुती होते. सराव रात्रीचा, गिटार विजेवरची, आणि शेजाऱ्यांना आवाज सोसेना. अंगठ्यामुळे आवाज हळू झाला आणि गोलही झाला. पुढे जगाने ज्या सुराला मखमली म्हटले, त्याचा उगम शेजारधर्मात आहे.

त्याची दुसरी खूण म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवणे. षड्ज वाजला की त्याच क्षणी त्याच्या वरचा षड्जही वाजतो, आणि अशा जोडीने संपूर्ण तान जाते. तिसरी पायरी अनेक सुरांच्या झुबक्यांची. त्याचा नमुनेदार सोलो एकेरी सुरांनी सुरू होतो, मग जोडसुरांवर चढतो आणि शेवटी झुबक्यांवर पोचतो. बढत म्हणजे काय हे ज्याच्या कानांना ठाऊक आहे, त्याला यातली शिस्त लगेच जाणवते.

1948 ते 1950 या काळात तो लायनेल हॅम्प्टनच्या मोठ्या वाद्यवृंदात गावोगाव फिरला. मग घरी परतला, आणि पुढची नऊ-दहा वर्षे बव्हंशी इंडियानापोलिसमध्येच राहिला. मोठा कुटुंबकबिला होता. दिवसा रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम. तिथून सुटल्यावर थोडी झोप, रात्री नऊपासून एका बारमध्ये वादन, मध्यरात्र उलटून गेल्यावर दुसऱ्या ठिकाणी पहाटेपर्यंत वादन, आणि सकाळी सातला पुन्हा कारखाना. गिरणगावात भजनाचे फड, शाहिरी आणि नाटकाच्या तालमी भोंगा झाल्यावरच रंगायच्या हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा दिनक्रम समजावून सांगायला नको.

1959 साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली याने त्याला असेच रात्री उशिरा ऐकले आणि न्यूयॉर्कला जाऊन रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजच्या मागे लकडा लावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वेसच्या नावाची पहिली रिव्हरसाइड रेकॉर्ड मुद्रित झाली. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. जानेवारी 1960 मध्ये मुद्रित झालेल्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ या रेकॉर्डने जाणकारांच्या जगात खळबळ उडाली. 15 जून 1968 रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, इंडियानापोलिसमधल्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. म्हणजे प्रसिद्धीची सगळी कारकीर्द जेमतेम पावणेनऊ वर्षांची. आणि भांडण त्या पावणेनऊ वर्षांच्या वाटणीचे आहे.

फाळणीची रेघ

रूढ मत असे: 1959 ते 1963 या रिव्हरसाइडच्या काळातला वेस अस्सल. डिसेंबर 1963 मध्ये कंपनीचे एक मालक बिल ग्राउअर वारले आणि पुढच्या वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. मग वेस व्हर्व्ह कंपनीत गेला आणि निर्माता क्रीड टेलरच्या हाती पडला. तिथे व्हायोलिनांचे ताफे आले, रेडिओवर गाजलेली गाणी आली. 1967 साली तो ए अँड एम कंपनीत गेला आणि विस्ताराला जागाच उरली नाही. तीन-चार मिनिटांत ओळखीची चाल जोडसुरांत वाजवायची आणि थांबायचे. त्या वर्षीची ‘अ डे इन द लाइफ’ ही रेकॉर्ड प्रचंड खपली. बीटल्सचे गाणे आणि मागे मोठा वाद्यवृंद. ‘वेस विकला गेला,’ असा निकाल कडव्या संग्राहकांनी तेव्हाच देऊन टाकला.

गंमत अशी की, जुन्या बाजारात सर्वांत सहज मिळते ती हीच विकली गेलेली रेकॉर्ड. मलाही वेस पहिल्यांदा भेटला तो तिच्यातूनच, मुंबईच्या चोरबाजारातल्या एका ढिगात. तिच्या मुखपृष्ठावर विझलेल्या सिगारेटींच्या थोटकांनी भरलेल्या राखदाणीचे छायाचित्र आहे. ती घरी आणली तेव्हा आई म्हणाली, ‘‘गाण्याच्या तबकडीवर देवाचे नाही, निदान माणसाचे तरी चित्र असावे. हा उकिरडा कशाला?’’ मात्र तबकडी सुरू झाल्यावर हातातले निवडण बाजूला ठेवून तिने एक बाजू पूर्ण ऐकली. दर्दी लोक त्या रेकॉर्डला नाके का मुरडतात हे मला नंतर कळले, आणि पटलेही बऱ्याच अंशी. पण निवडण बाजूला ठेवणाऱ्या श्रोत्याचे मत कुठल्याही वहीत नोंदलेले नसते, ही गोष्टही मी विसरलो नाही.

वेस स्वतः या बाबतीत साफ होता. आपण आता वाजवतो ते लोकप्रिय संगीत आहे, त्याला तसेच समजावे, अशा अर्थाचे तो बोलत असे. त्याने फसवणूक केली नव्हती. पाटी बदलून दुकान मांडले होते. रिव्हरसाइडच्या वर्षांत कौतुक भरपूर होते आणि पैसा बेताचा होता. कारखान्यातली नोकरी आणि रात्रीची दोन ठिकाणे यांत दहा वर्षे काढलेल्या माणसाने चाळिशीनंतर मुलाबाळांसाठी चार पैसे मिळवले, म्हणून त्याला कलेच्या न्यायालयात उभे करायचे, ही गोष्ट मला कधीच पटली नाही. पण कणवेच्या जोरावर संगीताचा निकाल लागत नाही, हेही खरे. निकाल संगीतानेच लागला पाहिजे. तो लावण्याचे काम कमी ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांनी केले आहे.

1965 हे एकच वर्ष घ्या

फाळणीची ती रेघ तपासायला 1965 हे वर्ष उत्तम. विमानाची धास्ती असलेला वेस त्या वर्षी युरोपच्या दौऱ्यावर गेला. त्याच्या आयुष्यातला तो एकमेव युरोप दौरा. 27 मार्चला पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात त्याची मैफल झाली. पियानोवर हॅरल्ड मेबर्न, बासवर आर्थर हार्पर, ड्रमवर जिमी लव्हलेस, आणि काही रचनांना सॅक्सोफोनवर जॉनी ग्रिफिन. फ्रेंच रेडिओने ती मुद्रित केली. त्या मैफलीत वेस जे वाजवतो, ते रिव्हरसाइडच्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा मोकळे आणि धाडसी आहे. स्टुडिओतल्या घड्याळाचा धाक नाही, बाजू संपण्याची काळजी नाही. बढत हवी तितकी लांबते.

मे महिन्यात तो न्यूयॉर्कच्या परिसरातल्या स्टुडिओत बसून डॉन सेबेस्कीच्या वाद्यवृंदासह ‘बंपिन’’ मुद्रित करतो आहे. कडव्यांच्या मते ही अधोगतीची सुरुवात. आणि जूनमध्ये हाफ नोट नावाच्या क्लबमध्ये विंटन केलीच्या त्रयीबरोबर जे वाजवतो, त्यातल्या ‘इफ यू कुड सी मी नाऊ’ या रचनेवरचा सोलो गिटारवादक आजही पाठ करतात. पॅट मेथेनीसारखा नंतरच्या पिढीचा मोठा वादक ‘स्मोकिन’ ॲट द हाफ नोट’ या रेकॉर्डला जॅझ गिटारची सर्वश्रेष्ठ रेकॉर्ड मानतो. ती निघाली कुठल्या कंपनीकडून? व्हर्व्हकडून. निर्माता कोण? क्रीड टेलरच.

त्याच हाफ नोटमधून त्या वर्षी रेडिओवर थेट कार्यक्रम होत असत. त्यांची ध्वनिमुद्रणे ‘मॅक्झिमम स्विंग’ या नावाने रेझोनन्स कंपनीने 2023 साली अधिकृतपणे बाहेर आणली. आवाज स्टुडिओसारखा नितळ नाही, श्रोत्यांचे बोलणे मधूनमधून ऐकू येते. पण वादन असे की, त्या वर्षाअखेरीस हाच माणूस ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ ही रेडिओसाठीची रेकॉर्ड करणार आहे आणि तिला ग्रॅमी मिळणार आहे, याचा कुठे संशयही येऊ नये.

मार्चमधला, मेमधला आणि जूनमधला वेस एकच आहे. आधी चांगला, मग बिघडला, हा क्रम कागदावर सोयीचा असला तरी तारखा तो मान्य करत नाहीत. आणि उलट बाजूनेही पाहा. रिव्हरसाइडच्या तथाकथित सोवळ्या काळातही, एप्रिल 1963 मध्ये, वेसने ‘फ्यूजन!’ ही व्हायोलिनांच्या साथीची रेकॉर्ड केलीच होती. संग्राहक तिचा उल्लेख टाळतात, कारण ती त्यांच्या रेघेच्या चुकीच्या बाजूला आहे. मला ती आवडते. संथ चालीवर वेस एकेक सूर असा ठेवतो, की मागची व्हायोलिने निमूट होऊन ऐकत असावीत असे वाटते.

जिथे संग्राहक बरोबर होते

मात्र संग्राहकांचा कडवेपणा नेहमीच वायफळ असतो असे नाही. वेसच्या मृत्यूनंतर व्हर्व्हने ‘विलो वीप फॉर मी’ ही रेकॉर्ड काढली. मूळ ध्वनिमुद्रणे हाफ नोटमधल्याच 1965 च्या मैफलीची होती. चार जणांचे वादन, रात्रीचा क्लब. कंपनीने त्यांतल्या काहींवर क्लाउस ओगरमनकडून वाद्यवृंदाची साथ लिहवून घेतली आणि ती नंतर वरून चढवली. वादक हयात नाही, त्याला कुणी विचारलेले नाही, आणि त्याच्या मैफलीत जे लोक कधी हजरच नव्हते ते आता त्याच्यामागे वाजवताहेत. या रेकॉर्डला 1970 साली ग्रॅमी मिळाली.

तेव्हा ज्यांनी आरडाओरडा केला ते हे हात धुवायला लावणारे लोकच. मूळ ध्वनिमुद्रण जसे होते तसे द्या, हा त्यांचा धोशा वर्षानुवर्षे चालू राहिला. पुढे कंपनीने वरची साथ काढून मूळ रूपात ही वादने प्रसिद्ध केली. आज दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकता येतात. वाद्यवृंदाखाली दबलेली विंटन केलीची पियानोवरची उत्तरे, वेसच्या ओळीनंतर जिमी कॉबने ड्रमवर दिलेली दाद, हे सगळे मूळ रूपात लख्ख ऐकू येते. वाद्यवृंदाला माझा विरोध नाही. वेसने स्वतः ज्या वाद्यवृंदाबरोबर बसून वाजवले तो त्याचा निर्णय होता. ही साथ मात्र त्याच्या माघारी, त्याच्या नावावर, दुसऱ्यांनीच केलेली होती. ‘बंपिन’’ आणि ‘विलो’ यांच्यातला हा फरक ज्या संग्राहकाला कळतो, त्याचे मत ऐकण्यासारखे असते. ज्याला दोन्हीकडे फक्त व्हायोलिनेच दिसतात, त्याचे सोडून द्यावे.

इंडियाना ॲव्हेन्यूच्या रात्री

गेल्या काही वर्षांत या भांडणात तिसरा पक्ष उतरला आहे. तो म्हणतो, रिव्हरसाइडही सोडा आणि व्हर्व्हही सोडा. खरा वेस त्याच्याही आधीचा. हा पक्ष जन्माला आला तो रेझोनन्स कंपनीने काढलेल्या तीन संचांमुळे: 2012 साली ‘एकोज ऑफ इंडियाना ॲव्हेन्यू’, 2015 साली ‘इन द बिगिनिंग’ आणि 2019 साली ‘बॅक ऑन इंडियाना ॲव्हेन्यू’. पहिला संच वेसच्या जन्मदिवशीच, 6 मार्चला प्रसिद्ध झाला. त्यातली ध्वनिमुद्रणे 1957-58 च्या सुमाराची, म्हणजे कॅननबॉलने त्याला ऐकण्यापूर्वीची.

इंडियाना ॲव्हेन्यू हा इंडियानापोलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा मुख्य रस्ता. वर्णभेदाच्या दिवसांत या वस्तीचे सगळे जग त्या रस्त्यावर होते: दुकाने, उपाहारगृहे, 1927 साली उघडलेले वॉकर नाट्यगृह आणि रात्रभर जागणारे क्लब. ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्ड आणि ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन हे याच शहराचे. पुढे विद्यापीठाचा परिसर आणि महामार्ग यांच्यासाठी या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. नाट्यगृह उभे आहे, क्लब गेले. त्या रात्रींचा पुरावा म्हणून आता उरले आहेत ते हे टेप.

संग्राहकांची मते इथेही दुभंगलेली आहेत. एक गट म्हणतो, हे सारे कच्चे आहे, आवाज खराब आहे, नावाच्या जोरावर कपाट झाडून विकले जात आहे. दुसरा म्हणतो, इथेच वेस कसा घडला ते दिसते. मी हे तिन्ही संच अनेकदा ऐकले आहेत आणि दोघांचेही थोडे-थोडे बरोबर आहे असे माझे मत झाले आहे. ‘इन द बिगिनिंग’मधल्या काही वादनांना दस्तऐवजापलीकडे किंमत नाही. पण त्याच संचात 1955 साली एपिक कंपनीसाठी तरुण क्विन्सी जोन्सच्या देखरेखीखाली मुद्रित झालेली वादने आहेत. कंपनीने ती तेव्हा संपूर्णपणे प्रसिद्ध केलीच नाहीत. ऐकताना वाटते की, तेव्हाच कुणी कान दिला असता, तर या माणसाची चार वर्षे कारखान्यातून सुटली असती. 2019 च्या संचात ड्रमशिवाय केलेले वादन आहे. पियानो, बास आणि गिटार एवढेच. दिवाणखान्यात बसून बोलावे तसे ते तिघे वाजवतात.

आणि पहिल्या संचाच्या शेवटी एक संथ ब्लूज आहे. मखमली सुराचा वेस इथे सापडत नाही. सूर मुद्दाम खरखरीत केलेला, तारा ओढून ताणलेल्या, आणि समोरचे लोक हसताहेत, ओरडताहेत, हुंकार देताहेत. वग रंगात आल्यावर सोंगाड्याला प्रेक्षकांतून प्रतिसाद मिळावा तसा प्रकार चाललेला आहे. रिव्हरसाइडच्या सभ्य तबकड्यांवर हा वेस नाही. ए अँड एमच्या गुळगुळीत तबकड्यांवर तर नाहीच नाही. आपल्या माणसांसाठी, आपल्या रस्त्यावर, काम संपल्यावर वाजवणारा असा हा वेस आहे.

हे ऐकल्यावर माझ्या पुरता तो जुना वाद मिटला. लोकांना रिझवणे हा वेसला पैशाने शिकवलेला नाद नव्हता. तो मुळातलाच होता. समोर बसलेला माणूस दिवसभर राबून आला आहे, त्याला काहीतरी मिळाले पाहिजे, या जाणिवेनेच तो इंडियाना ॲव्हेन्यूवर वाजवत होता. पुढे समोरचा माणूस अदृश्य झाला, रेडिओच्या पलीकडे गेला, लाखांनी वाढला. ‘अ डे इन द लाइफ’मध्ये वेसने त्या अदृश्य माणसालाही रिझवायचा प्रयत्न केला. त्यात हुंकार देणारे कुणी नव्हते, म्हणून विस्तार आटला. नुकसान झाले ते इतकेच आणि एवढे मोठे. पण हे नुकसान झालेला माणूस तोच होता. शेवटच्या दोन वर्षांतही तो मंक आणि बडी या आपल्या भावांना घेऊनच दौरे करत होता.

टेप कुणाचा?

या सगळ्यात एक प्रश्न उरतो आणि तो फक्त संगीताचा नाही. पॅरिसची ती मैफल अनेक वर्षे चोरट्या आवृत्त्यांतून जगभर विकली जात होती. संग्राहक ती अभिमानाने मिरवत होते, आणि तिच्यातून वेसच्या घरी एक छदामही जात नव्हता. फ्रेंच संग्रहालयाशी आणि वेसच्या वारसांशी रीतसर करार करून रेझोनन्सने ती 2018 च्या सुमाराला काढली, तेव्हा कुठे मैफलीचा हिशेब त्रेपन्न वर्षांनी पुरा झाला. दुर्मीळ रेकॉर्ड हातात आल्याचा आनंद मोठा असतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या बोटांतून ते आले त्याच्या मुलाबाळांना वगळून केलेल्या रसिकतेला मी रसिकता म्हणत नाही.

दुसरा प्रश्न वादकाच्या निवडीचा. 1992 साली वेसच्या रिव्हरसाइडच्या सर्व ध्वनिमुद्रणांचा बारा सीडींचा संच निघाला. त्यात मूळ रेकॉर्डवर न घेतलेली, एकाच रचनेची दुसरी-तिसरी वादनेही होती. संग्राहक त्यांवर तुटून पडले. वेस स्वतःच्या वादनावर क्वचितच समाधानी असे, हे त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितले आहे. मग त्याने बाजूला ठेवलेले आपण पुढे आणावे का? माझे उत्तर: आणावे, पण बाजूला ठेवलेले आहे अशी पाटी लावून. गायकाचा रियाज दाराआडून ऐकणे आणि त्याची मैफल ऐकणे यांत जो फरक आपण करतो, तो इथेही करावा.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. ज्या घरांत मैफली झाल्या, तिथल्या माळ्यांवर स्पूल टेपची खोकी अजून असतील. कुणाची मैफल, कोणते साल, साथीला कोण, हे लिहिणारा माणूस गेला की त्या खोक्याचे भंगार होते. इंडियानापोलिसमध्ये कुणीतरी टेप जपले आणि त्यांवर चार अक्षरे लिहून ठेवली, म्हणून एका पाडल्या गेलेल्या रस्त्याचा आवाज आज ऐकू येतो. ज्यांच्या घरी अशी खोकी आहेत त्यांनी या रविवारी निदान एक उघडून, जे आठवते ते कागदावर लिहून, तो कागद आत ठेवला तरी पुष्कळ झाले.

आता ज्यांना वेस ऐकावासा वाटतो, त्यांच्यासाठी माझा क्रम सांगतो. संग्राहक नावे ठेवतील, त्याची सवय आहे. तबकडी मिळाली नाही तरी अडत नाही, यांतले जवळजवळ सगळे आज मोबाइलवरही मिळते. आधी ‘अ डे इन द लाइफ’ची एक बाजू ऐका, घरातल्या सर्वांना घेऊन. मग ‘इफ यू कुड सी मी नाऊ’. आणि निजानीज झाल्यावर, आवाज बेताचा ठेवून, इंडियाना ॲव्हेन्यूचा तो शेवटचा ब्लूज. त्यातल्या लोकांचे हसणे नीट ऐका. त्यांतल्या कित्येकांना उजाडल्यावर कामावर जायचे आहे, आणि गिटार वाजवणाऱ्यालाही सातच्या आत कारखान्याच्या दारात उभे राहायचे आहे.